नागपूरचे कर्नल सी. के. नायडू

एखाद्या खेळाडूची थोरवी आंकड्यांनीं मोजावी कीं मोजूं नये, हा क्रिकेटच्या शौकिनांतला फार जुना वाद आहे. आंकडे खोटें बोलत नाहींत, हें खरें. परंतु ते सगळेंच बोलतात असेंही नाहीं. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे ज्यांना सारा देश 'सी. के.' ह्या दोन अक्षरांनीं ओळखीत असे, त्यांची कसोटी सामन्यांतील कामगिरी केवळ आंकड्यांत मांडली तर ती अशी दिसते : सामने ७, डाव १४, धांवा ३५०, सर्वोच्च ८१, सरासरी बरोबर २५, आणि शतक एकही नाहीं. गोलंदाजींत बळी ९. एवढ्या कामगिरीचे खेळाडू नंतरच्या काळांत अनेक होऊन गेले आणि त्यांचीं नांवें आज फारशीं कोणाच्या स्मरणांत नाहींत. असें असतांना भारतीय क्रिकेट नियामक मंडळानें १९९४ सालीं खेळाच्या आजन्म सेवेबद्दल जो सर्वोच्च सन्मान सुरू केला, त्यास नांव दिलें तें कर्नल सी. के. नायडू ह्यांचें. ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा ? आजच्या भाषणांत आपण ह्याच प्रश्नाचा थोडा विचार करूं.

नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजीं नागपूर येथें झाला. घराणें मूळचें तेलुगुभाषी. पण नागपुरांत स्थायिक झालेलें. त्यांचे आजोबा ह्या शहरांतील नामांकित वकील होते, आणि वडील विलायतेस जाऊन कायद्याचें शिक्षण घेऊन आले होते. मध्यप्रांताची राजधानी असल्यामुळें त्या वेळच्या नागपुरांत मराठी, हिंदी, तेलुगु, बंगाली अशा अनेक भाषांचीं सुशिक्षित घराणीं शेजारीं शेजारीं नांदत होतीं. कचेऱ्या, न्यायालयें, मिशनऱ्यांच्या शाळा-कॉलेजें आणि लष्करी छावणी हीं सर्व हाताशीं असल्यामुळें क्रिकेटचा खेळ येथें लवकर रुजला. हिस्लॉपच्या शिक्षणसंस्थेंत नायडूंचा खेळ वाढीस लागला. उंच, सडसडीत शरीर, लांब हात, ताठ बांधा आणि अत्यंत चपळ पाय, ही निसर्गाची देणगी त्यांना होतीच. तिला नियमित व्यायामाची व मेहनतीची जोड त्यांनीं दिली आणि ती म्हातारपणापर्यंत सोडली नाहीं.

परंतु त्या काळीं नागपूरच्या होतकरू मुलापुढें वाट कोणती होती ? रणजी करंडकाचे सामने १९३४ सालीं सुरू झाले. त्यापूर्वीं प्रांताप्रांतांची अशी स्पर्धाच नव्हती. सगळ्यांचें लक्ष असे तें मुंबईच्या जातवार सामन्यांकडे. प्रथम युरोपियन व पारशी हे दोनच पक्ष होते. १९०७ सालीं हिंदू आले, १९१२ सालीं मुसलमान आले आणि सामने चौरंगी झाले. पुढें १९३७ मध्यें ते पंचरंगी झाले आणि १९४६ च्या सुमारास कायमचे बंद पडले. धर्मावर खेळाडूंचे संघ पाडणें ही गोष्ट देशहिताची नव्हे, असें अनेक विचारी लोक तेव्हांही म्हणत, आणि तें योग्यच होतें. तरी पण एवढें मान्य केलें पाहिजे, कीं लहान शहरांतील खेळाडूला आपलें पाणी दाखविण्यास दुसरें रंगमंदिर त्या वेळीं उपलब्ध नव्हतें.

ह्या रंगमंदिरांत नायडूंनीं पहिलें पाऊल टाकलें तें १९१६ सालीं, हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध. ते खेळावयास आले तेव्हां ७९ धांवांत सात गडी बाद झालेले होते. एकविसाव्या वर्षांतील नवख्या मुलानें अशा वेळीं जीव मुठींत धरून खेळावें, हीच कोणाची अपेक्षा असणार. नायडूंनीं पहिले तीन चेंडू शांतपणें अडविले आणि चौथा सरळ सीमेबाहेर भिरकावून दिला. त्यांच्या प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील पहिल्या धांवा ह्या अशा षट्कारानें झाल्या. ही केवळ एक गंमतीची आठवण नव्हे. आधीं चेंडू ओळखावयाचा आणि मग त्यावर निःशंकपणें तुटून पडावयाचें, हा त्यांच्या फलंदाजीचा जो मुख्य धर्म, तो ह्या चार चेंडूंत साराच्या सारा आलेला आहे.

खेळावर पोट भरण्याची सोय मात्र त्या काळीं कोठेंच नव्हती. सामन्याचें मानधन नव्हतें, खेळाडूंस नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या नव्हत्या. नागपूर शहर नायडूंना टाळ्या देऊं शकत होतें, चरितार्थ देऊं शकत नव्हतें. तो दिला इंदूरच्या होळकर दरबारानें. १९२३ सालीं ते इंदुरास गेले, संस्थानच्या सैन्यांत अधिकारी झाले, आणि पुढें कर्नल ही पदवी त्यांच्या नांवास कायमची जोडली गेली. क्रिकेटला संस्थानिकांनीं दिलेला आश्रय हा असा दुधारी होता. त्या आश्रयावांचून नायडूंसारखा खेळाडू इतकीं वर्षें मैदानावर राहिलाच नसता. आणि त्याच आश्रयाची किंमत म्हणून खेळाचीं सूत्रें खेळाडूंच्या हातीं न राहतां राजेमहाराजांच्या हातीं गेलीं. नायडूंच्या पुढील आयुष्यांत ह्या दोन्ही धारा आपणांस दिसतील.

ज्या डावानें त्यांचें नांव समुद्रापार गेलें, तो डाव १ डिसेंबर १९२६ चा. आर्थर गिलिगन ह्यांच्या नेतृत्वाखालीं एम. सी. सी. चा संघ त्या हिंवाळ्यांत हिंदुस्थानांत आला होता. मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाशीं त्याची गांठ पडली. पाहुण्यांपैकीं गाय अर्ल ह्यांनीं आठ षट्कार मारून १३० धांवा काढल्या होत्या. नायडूंनीं त्यांस त्यांच्याच नाण्यांत, आणि व्याजासकट, परतफेड केली. दोन तासांहून कमी वेळांत १५३ धांवा, त्यांत तेरा चौकार आणि अकरा षट्कार ! एका डावांत अकरा षट्कार ही गोष्ट त्या काळीं जवळजवळ न ऐकलेली होती. पाहुण्यांनीं ह्या डावाच्या गौरवार्थ त्यांना चांदीची बॅट भेट दिली.

ह्या डावाचें महत्त्व धांवांहून मोठें आहे. इंग्रज व्यावसायिक गोलंदाजांना हिंदी खेळाडू जपून खेळतो, असा जो सर्वसाधारण समज होता, तो ह्या दिवशीं मोडला. थोड्याच दिवसांत पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर ह्यांनीं त्याच संघाविरुद्ध अखिल हिंदी संघाकडून १४८ धांवा काढून तो समज पुरताच धुळीस मिळविला. आपण आंतरराष्ट्रीय दर्जाचे आहों, हें गिलिगनसारख्या कप्तानाच्या मनावर ठसलें. त्याच्या प्रोत्साहनानें नियामक मंडळाच्या स्थापनेची खटपट सुरू झाली, आणि १९२८ च्या अखेरीस मंडळ अस्तित्वांत आलें. कसोटी सामन्यांचें दार त्यानंतर उघडलें. म्हणजे नायडूंच्या बॅटीचा आवाज ज्या दारावर झाला, त्याच दारांतून पुढें सारा संघ आंत गेला.

तें दार उघडलें १९३२ सालीं. इंग्लंडच्या दौऱ्यावर जावयाच्या संघाचे कप्तान म्हणून पोरबंदरचे महाराज नेमले गेले, उपकप्तान लिंबडीच्या राजघराण्यांतले. कारण संस्थानिकाखेरीज इतरांच्या हाताखालीं खेळाडू नांदणार नाहींत, अशी तेव्हांची समजूत. पोरबंदरच्या महाराजांची थोरवी अशी, कीं त्यांनीं आपल्या खेळाच्या मर्यादा ओळखल्या आणि लॉर्ड्सच्या सामन्याचें नेतृत्व नायडूंकडे सोंपविलें. आदल्या रात्रीं कांहीं खेळाडूंनीं नायडूंच्या हाताखालीं खेळण्यास नकार दिला व महाराजांना मध्यें पडावें लागलें, असें त्या दौऱ्याचे इतिहासकार सांगतात. अशा परिस्थितींत २५ जून १९३२ रोजीं हिंदुस्थानचा पहिला कसोटी कप्तान मैदानांत उतरला. तो राजा नव्हता, राजपुत्र नव्हता. नागपूरच्या एका सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतला मुलगा होता.

महंमद निसार व अमरसिंग ह्यांच्या वेगवान गोलंदाजीनें इंग्लंडचे पहिले तीन गडी अवघ्या १९ धांवांत गारद झाले. अखेर इंग्लंडनें २५९ धांवा केल्या. क्षेत्ररक्षण करतांना नायडूंच्या हातास दुखापत झाली. तशाही हातानें त्यांनीं ४० धांवा काढल्या, आणि पहिल्या डावांत त्या संघांतील कोणाही खेळाडूपेक्षां अधिक होत्या. सामना १५८ धांवांनीं गमावला. पण पदार्पणाच्या सामन्यांत ही हार लाजिरवाणी खासच नव्हती. त्या दौऱ्यांतील प्रथम दर्जाच्या सामन्यांत नायडूंनीं पांच शतकांसह १,६१८ धांवा काढल्या आणि ६५ बळी घेतले. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर त्यांनीं मारलेला एक टोला री नदीपलीकडे गेला, म्हणजे वॉरविकशायरमध्यें मारलेला चेंडू वूस्टरशायरांत पडला, अशी कथा तेव्हांपासून इंग्रज शौकीनही आनंदानें सांगत आले आहेत. १९३३ सालच्या 'विस्डेन' वार्षिकानें वर्षांतील पांच श्रेष्ठ खेळाडूंत त्यांची गणना केली.

१९३३-३४ च्या हिंवाळ्यांत डग्लस जार्डिन ह्यांचा संघ आला, आणि आपल्या भूमीवरील पहिल्या तिन्ही कसोटी सामन्यांचें नेतृत्व नायडूंनींच केलें. मुंबईच्या सामन्यांत लाला अमरनाथ ह्यांनीं ११८ धांवा काढून हिंदुस्थानचें पहिलें कसोटी शतक नोंदविलें, हें सर्वांस ठाऊक आहे. त्या शतकाच्या वेळीं दुसऱ्या टोंकाला उभें राहून ६७ धांवा करीत तरुण सहकाऱ्यास सांभाळून नेणारा कप्तान होता नायडू. दोघांनीं मिळून १८६ धांवा जोडल्या.

इतकें झाल्यावर १९३६ च्या दौऱ्याचें कप्तानपद त्यांच्याकडेच जावें, हें न्यायाचें होतें. पण निवड झाली विजयानगरमच्या महाराजकुमारांची. तीन कसोटी सामन्यांतील सहा डावांत त्यांच्या धांवा झाल्या ३३. संघांत तट पडले; अमरनाथ ह्यांना पहिल्या कसोटीपूर्वींच शिक्षा म्हणून मायदेशीं परत पाठविण्यांत आलें. ज्याच्या हाताखालीं चार वर्षांपूर्वीं संघ खेळला, त्या नायडूंनीं ह्या दौऱ्यांत साध्या खेळाडूची भूमिका पत्करली. ओव्हल मैदानावरील शेवटच्या सामन्यांत इंग्लंडचे कप्तान गबी ॲलन ह्यांचा एक वेगवान चेंडू त्यांच्या छातीवर, हृदयाजवळ, आदळला. ते मैदान सोडून गेले नाहींत; उभे राहिले व ८१ धांवा काढल्या. कसोटींतील त्यांची सर्वांत मोठी खेळी ती हीच, आणि शेवटचा सामनाही तोच.

आतां प्रारंभीच्या प्रश्नाकडे वळूं. सरासरी पंचवीसच कां ? कारण पहिला कसोटी सामना खेळतांना नायडू छत्तिसावें वर्ष ओलांडून गेलेले होते. फलंदाजाच्या आयुष्यांतील पंचवीस ते पस्तीस हीं जीं सर्वांत फळदायी वर्षें, तीं त्यांचीं अशा काळांत गेलीं कीं ज्या काळांत आपला देश कसोटी खेळतच नव्हता. जे सात सामने वांट्यास आले ते सातही इंग्लंडविरुद्ध, चार वर्षांत विखुरलेले. त्यानंतर १९३६ पासून १९४६ पर्यंत देशाचा एकही कसोटी सामना झाला नाहीं. म्हणजे ही सरासरी त्या माणसाची नव्हे. ती त्याच्या उशिरा आलेल्या संधीची आहे. झाडाला फळ किती आलें हें पाहतांना त्याला पाणी केव्हां मिळालें, हेंही विचारावयास नको काय ?

पाणी मिळाल्यावर काय झालें, हें पाहावयाचें असेल तर होळकर संघाचा इतिहास पाहावा. १९४४-४५ ते १९५४-५५ ह्या अकरा मोसमांत हा संघ दहा वेळां रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यास पोहोंचला आणि चार वेळां, १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ व १९५२-५३ मध्यें, विजयी झाला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवराव जगदाळे अशी मंडळी ह्या संघांत होती. नागपूरचाही वांटा त्यांत मोठा होता. नायडूंचे धाकटे बंधु सी. एस. नायडू हे १९१४ सालीं नागपुरांतच जन्मलेले लेगब्रेक गोलंदाज. १९४४-४५ च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं एकट्यानें १५२ षट्कें व पांच चेंडू, म्हणजे ९१७ चेंडू टाकले. एका प्रथम दर्जाच्या सामन्यांत इतके चेंडू दुसऱ्या कोणीं टाकल्याची नोंद नाहीं. डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड हेही जन्मानें नागपूरचेच.

पुढल्याच मोसमांत म्हैसूरविरुद्ध होळकर संघानें ८ बाद ९१२ धांवा केल्या आणि एका डावांत सहा जणांचीं शतकें झालीं. त्यांत एक शतक वयाची पन्नाशी गांठलेल्या कप्तानाचें होतें. त्यानंतर बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यांत त्याच कप्तानानें २०० धांवा काढल्या. आपल्या जन्मांतली सर्वोच्च धांवसंख्या माणसानें पन्नाशीनंतर गांठावी, हें उदाहरण क्रिकेटमध्यें विरळाच. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यांत दत्तू फडकर ह्यांच्या उसळत्या चेंडूनें नायडूंचे पुढचे दांत पडले. वय छप्पन्न. त्यांनीं तोंड पुसलें आणि खेळ पुढें चालू ठेवला. १९५६-५७ मध्यें, एकसष्टाव्या वर्षीं, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. आणि १९६३-६४ मध्यें महाराष्ट्राचे राज्यपाल व मुख्यमंत्री ह्यांच्या नांवांच्या संघांतील सामन्यांत अडुसष्टाव्या वर्षीं अखेरचे मैदानांत उतरले. २०७ सामने, ११,८२५ धांवा, २६ शतकें, ४११ बळी असा हा १९१६ पासूनचा प्रवास. १९५६ सालीं सरकारनें त्यांना पद्मभूषण दिलें. १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं इंदुरास त्यांचें निधन झालें.

त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ते कडक शिस्तीचे होते. आळस, उशीर, सबबी ह्यांचा त्यांना तिटकारा. जें स्वतः सहन केलें तें दुसऱ्यानेंही केलेंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे, आणि त्यामुळें कांहीं सहकारी त्यांच्यापासून दुरावले. संस्थानिकांच्या काळांतील भांडणांचें खापर संस्थानिकांवरच फोडून मोकळें होणें सोपें आहे. पण मनें जोडण्याची कला सी. के. यांना फटके मारण्याच्या कलेइतकी साधलेली नव्हती, हें त्यांच्या चाहत्यांनींही मान्य करावें. असें असूनही होळकर संघांतील तरुण त्या शिस्तींतच मोठे झाले, ही गोष्ट तितकीच खरी.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना आणखी एक दुवा रुचेल. ज्या काळीं क्रिकेटचें धांवतें वर्णन करणें हें पुरुषांचेंच काम समजलें जाई, त्या काळीं, १९७७ सालीं, एम. सी. सी. व मुंबई ह्यांच्या इंदूर येथील सामन्याचें वर्णन एका स्त्रीनें केलें. त्या होत्या नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू. बापानें बॅटीनें एक दार ठोठावलें, लेकीनें वाणीनें दुसरें.

आणि नागपूर ? जन्म देऊनही ज्यास ठेवून घेतां आलें नाहीं असा हा पुत्र, म्हणून हें शहर त्यांच्याकडे अभिमानानें व किंचित् खंतीनें पाहत आलें. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून रणजी सामन्यांत उतरूं लागला. साठ वर्षें तो विजयाविना खेळला. अखेर १ जानेवारी २०१८ रोजीं फैझ फझल ह्यांच्या नेतृत्वाखालीं विदर्भानें दिल्लीस नऊ गडी राखून हरविलें आणि रणजी करंडक प्रथमच जिंकला. सामना झाला इंदुरास, होळकरांच्या नांवाच्या मैदानावर. पुढील मोसमांत व पुन्हां २०२४-२५ मध्यें विदर्भानें तो करंडक नागपुरांतच मिळविला. ह्या संघांतील मुलांना चरितार्थासाठीं दुसऱ्या कोणाच्या दरबारीं जावें लागलें नाहीं. ज्या गांवांतून एके काळीं गुणी खेळाडूला बाहेर पडावें लागत होतें, त्याच गांवांत राहून आतां तो मोठा होऊं शकतो. नायडूंच्या पिढीनें जें सोसलें, त्याचें हें फळ आहे. तें मोजण्यास सरासरीचें कोष्टक पुरे पडणार नाहीं.